टॉवेल दोह्यात, पंच्याची सवय

आपल्याकडे पंचा रोज धुतला जायचा, कारण तो पातळ असे, बादलीभर पाण्यात निघे आणि उन्हात तासाभरात खडखडीत वाळे. दोह्यातल्या मराठी घरात तोच नियम जाड टेरी टॉवेलला लावला की वाद होतो: कुणाला रोज धुणं हीच स्वच्छता वाटते, कुणाला आठवड्यातून एकदा पुरेसं. माझ्या मते दिवस मोजण्याआधी टॉवेल वाळतो कुठे, ते पाहावं. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये दारामागे घडी करून अडकवलेला टॉवेल संध्याकाळीही घडीच्या आत गार, दमट लागतो. अंग स्वच्छ धुतलं तरी त्वचेच्या पेशी आणि जिवाणू टॉवेलवर उतरतात, आणि जिवाणू ओलाव्यात वाढतात. कुबट वास येतो तो त्यांचाच.

बाल्कनीत टाका म्हणावं, तर कतारच्या 2017 च्या सार्वजनिक स्वच्छता कायद्याने रस्त्याकडच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई आहे. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबरची समुद्राकडची दमट हवा. म्हणून एसीच्या खोलीत स्टँडवर पूर्ण पसरावा, तीन-चार वापरांनंतर धुवावा. आजारी माणसाचा मात्र रोज, वेगळा, 60 अंशांवर. हात पुसायचा सामायिक नॅपकिन एक-दोन दिवसांत.

पाण्याचं काय, हा आक्षेप रास्त आहे. कतारमध्ये नदी नाही. नळाचं पाणी जवळजवळ सगळं समुद्राचं खारेपण काढून मिळतं, त्यात भरपूर ऊर्जा जाते. पण रोज धुण्याचाच आग्रह असेल, तर सोलापूरचा पातळ टॉवेल किंवा पंचा बॅगेत टाकून आणावा: मशीनमध्ये जागा कमी, वाळायलाही वेळ कमी.