तुकडेबंदी आणि पूर्वीचे तुकडे

१९४७ च्या तुकडेबंदी कायद्यान्वये शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र ठरविण्यात येते. २०२३ पासून महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांत ते जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे आहे. आपली जमीन याहून कमी असल्यास ती हातची जाईल, अशी भीती शेतकऱ्याने बाळगू नये. पूर्वीपासूनचा तुकडा त्याच्याकडेच राहतो व तो त्यास कसता येतो. हक्कपत्रकात मात्र त्याची ‘तुकडा’ अशी नोंद होते. निर्बंध आहे तो पुढील व्यवहारावर. असा तुकडा विकावयाचा झाल्यास तो लगतच्या जमीनधारकासच विकावा लागतो, जेणेकरून दोन्ही जमिनी एक व्हाव्यात. वाटणीनेही नवा तुकडा पाडता येत नाही. अन्यथा व्यवहार बेकायदा ठरतो व पैसा अडकून पडतो. म्हणून इसार देण्यापूर्वी सातबाराचा उतारा पाहून घ्यावा, हे ग्रामकार्यकर्त्यांनी प्रत्येक खातेदारास समजावून सांगावे.