सहाव्या मतदारसंघाची फिरस्ती

अमेरिकेत 'काँग्रेस' म्हणजे पक्ष नव्हे, संसद. हे आधीच सांगून टाकलेले बरे, नाहीतर 'जॉर्जियाचा सहावा काँग्रेस मतदारसंघ' असे म्हटल्यावर आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर भलतेच चित्र उभे राहायचे. दुसरी गोष्ट म्हणजे तिथल्या मतदारसंघांना नावे नसतात, नंबर असतात. आपल्याकडे ठाणे, सांगली, रत्नागिरी म्हटले की एक मुलूख आठवतो, तिथली माणसे आठवतात. नंबराला गाव नसते, आणि गाव नसल्यामुळेच तो इकडून तिकडे हलवता येतो.

अटलांटा शहराच्या उपनगरांतला हा सहावा मतदारसंघ गेल्या पन्नास वर्षांत असाच फिरत राहिला आहे. आधी तो शहराच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला होता. मग एका रात्रीत उत्तरेला गेला, पुढे आणखी उत्तरेला सरकला, आणि आता परत पश्चिमेला येऊन बसला आहे. माणसे घरातच बसली होती, त्यांच्या अंगणातून रेघा तेवढ्या फिरल्या. कोण मतदार कुणाला निवडतो, की उमेदवारच आपला मतदार निवडतो, हा प्रश्न या एका नंबराच्या कहाणीत जितका उघड दिसतो तितका मला दुसरीकडे क्वचितच दिसला.

कहाणीची सुरुवात शेजारच्या पाचव्या मतदारसंघातून करावी लागते. १९६० च्या सुमारास अटलांटा शहर ज्यात होते त्या पाचव्याची लोकसंख्या ८ लाख २३ हजार होती, आणि डोंगराळ नवव्याची २ लाख ७२ हजार. दोघांचा प्रतिनिधी मात्र एकेकच. म्हणजे शहरातल्या माणसाच्या मताची किंमत खेड्यातल्याच्या एकतृतीयांश. अटलांटाचे नागरिक कोर्टात गेले आणि १९६४ मध्ये 'वेसबेरी विरुद्ध सँडर्स' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी समान हवी. मोठा न्याय झाला. पण त्याची दुसरी बाजू अशी, की आता दर दहा वर्षांनी, जनगणना झाली की, रेघा नव्याने आखणे भागच पडले. आणि आखणार कोण? राज्याची विधानसभा. म्हणजे ज्यांना निवडून यायचे आहे तेच, किंवा त्यांचे भाऊबंद.

न्यूट गिंग्रिच हे नाव वाचकांना आठवत असेल. कॅरोलटन गावच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे हे प्राध्यापक १९७४ आणि १९७६ मध्ये सहाव्यातून उभे राहिले आणि दोन्ही वेळा पडले. दक्षिणेत तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचे तिकीट म्हणजे निम्मी निवडणूक जिंकल्यासारखे असे. १९७८ मध्ये जुने खासदार निवृत्त झाले आणि गिंग्रिच आले. १९९० मध्ये ते अवघ्या ९७४ मतांनी वाचले. जॉर्जियाच्या दहा खासदारांत रिपब्लिकन ते एकटेच होते.

१९९१ मध्ये रेघा आखायची वेळ आली तेव्हा विधानसभा डेमोक्रॅट पक्षाच्या ताब्यात होती. सभापती टॉम मर्फी स्वतः गिंग्रिच यांच्याच मतदारसंघात राहणारे, आणि दोघांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. गिंग्रिच यांचा मतदारसंघ कापून शेजाऱ्यांत वाटून टाकला गेला आणि सहावा हा नंबर उचलून अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरांना, कॉब काउंटी वगैरे भागाला देण्यात आला. गिंग्रिच यांनी काय करावे? त्यांनी बिऱ्हाड हलवले आणि नंबरामागे गेले. नव्या ठिकाणी पक्षांतर्गत निवडणुकीतच त्यांची दमछाक झाली. १९९२ ची ती लढत ते ९८० मतांनी जिंकले. पण त्यानंतर कायमची निश्चिंती. उत्तरेची ही उपनगरे रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला होती. ज्यांना गिंग्रिच नको होते त्यांनीच त्यांना घरची काळजी नसलेला पुढारी बनवून सोडले. दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, त्यांनी चाळीस वर्षांनंतर आपल्या पक्षाला प्रतिनिधिगृहात बहुमत मिळवून दिले आणि १९९५ च्या जानेवारीत ते त्या गृहाचे सभापती झाले. शत्रूचे इतके भले क्वचितच कोणी केले असेल.

हा मुलूख कसा होता? रुंद रस्ते, झाडीत दडलेली घरे, प्रत्येक घरापुढे दोन मोटारी. शहरातून बाहेर पडलेला गोरा मध्यमवर्ग. अटलांटाची मेट्रो आपल्याकडे येऊ नये असा कौल कॉब काउंटीने १९६५ मध्येच दिला होता. सरकार जितके लहान तितके चांगले, हा इथला आवडता मंत्र. आणि मॅरिएटा गावातला लॉकहीडचा प्रचंड विमान कारखाना चालायचा तो सरकारच्याच संरक्षण खात्याच्या ऑर्डरींवर! या विसंगतीने कुणाची झोप उडाल्याचे ऐकिवात नाही. आपल्या हवाई दलाने २०११ पासून हिंडन तळावर आणलेली सी-१३० जे सुपर हर्क्युलस विमाने याच कारखान्यातली.

गिंग्रिच १९९९ च्या सुरुवातीला गेले. त्यांच्या जागी आले जॉनी आयझॅक्सन, धंद्याने घरे-जमिनी विकणारे. उपनगराला याहून शोभेलसा प्रतिनिधी कुठला? ते पुढे सिनेटर झाले आणि २००५ मध्ये अस्थिरोगतज्ज्ञ टॉम प्राइस आले. निवडणुका येत, जात. त्यांच्याविषयी लिहावे असे फारसे काही नाही.

दरम्यान घराघरांतली माणसे मात्र बदलत होती. सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, विद्यापीठातून शिकून आलेली तरुण जोडपी आली, कोरियन आले, भारतीय आले, कृष्णवर्णीय मध्यमवर्ग आला. २०१२ मध्ये अध्यक्षपदासाठी या मतदारसंघाने रिपब्लिकन मिट रॉमनी यांना २३ टक्क्यांहून अधिक आघाडी दिली होती. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना दिली अवघी दीड टक्का. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, डॉ. प्राइस मात्र जवळजवळ ६२ टक्के मते घेऊन आरामात निवडून आले.

हा फरक पडला कसा, ते मला एका शेजाऱ्याने सांगितले. २०१७ च्या मे महिन्यात मी रॉसवेलला भाचीकडे महिनाभर होतो. पलीकडच्या घरात लॉकहीडमधून निवृत्त झालेले एक आजोबा राहत. ते म्हणाले, "मी ब्याण्णव सालापासून याच घरात आहे. गिंग्रिचला मत दिले, आयझॅक्सनला दिले, प्राइसला प्रत्येक वेळी दिले. या वेळी वरचा रकाना कोरा ठेवला आणि खालचा भरला." एवढे बोलून ते पुन्हा गवत कापायच्या यंत्राकडे वळले. अनेक ग्रंथांनी जे सांगितले नसते ते या गृहस्थाने दोन वाक्यांत सांगून टाकले.

मी तिथे होतो तो काळच विलक्षण होता. डॉ. प्राइस ट्रम्प यांच्या मंत्रिमंडळात आरोग्यमंत्री झाल्याने पोटनिवडणूक लागली होती. एप्रिलच्या पहिल्या फेरीत अठरा उमेदवार. डेमोक्रॅट पक्षाचे तीस वर्षांचे जॉन ऑसॉफ यांना ४८.१ टक्के मते पडली. आणखी दोन टक्के मिळती तर तिथेच निकाल लागला असता. आता २० जूनला त्यांची आणि रिपब्लिकन कॅरेन हँडेल यांची समोरासमोर लढत होती. दोन्ही बाजूंनी देशभरातून पैसा ओतला गेला. खर्चाचा आकडा ५ कोटी डॉलरच्या वर गेला, प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीतला तोवरचा उच्चांक. टीव्ही लावावा तर जाहिरात, टपालपेटी उघडावी तर पत्रके, दारावर टकटक झाली तर हसतमुख स्वयंसेवक. भाचीचा नवरा नागरिक झालेला, भाचीकडे ग्रीन कार्ड. म्हणजे घरात मोठी माणसे दोन, मत एकच. पण दिवसाला पाच-सहा फोन यायचे ते दोघांनाही. भाची शेवटी प्रत्येकाला शांतपणे सांगू लागली, "मला मत नाही, पण जनगणनेत मला मोजतात बरं का!" बोलली ते बरोबरच होते. मतदारसंघ आखताना राहणारा प्रत्येक जण मोजला जातो, मत असो वा नसो.

ऑसॉफ मतदारसंघात राहतच नाहीत, असा प्रचार विरोधकांनी जोरात केला. कायद्याला त्याची हरकत नव्हती. उमेदवार त्या राज्याचा रहिवासी असला की पुरे. हँडेल ५१.८ टक्के मते घेऊन जिंकल्या. पण तो विजय सतराच महिने टिकला. नोव्हेंबर २०१८ मध्ये ल्युसी मॅकबाथ यांनी त्यांना सव्वातीन हजारांच्या आसपास मतांनी हरवले. मॅकबाथ डेल्टा विमान कंपनीत हवाई सेविका होत्या. २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या एका पेट्रोल पंपावर, मोटारीतली गाणी मोठ्याने लावली एवढ्या वादावरून, त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा जॉर्डन गोळी घालून मारला गेला होता. बंदुकांवर निर्बंध हवेत, हे त्या उघडपणे सांगत होत्या. ज्या जागी गिंग्रिच बसले त्या जागी एक कृष्णवर्णीय आई हे बोलून निवडून आली. २०२० मध्ये त्यांनी हँडेल यांनाच पुन्हा हरवले, या वेळी नऊ टक्क्यांनी.

मतदारांनी आपले मत बदलले होते. आता रेघा बदलायची पाळी होती.

२०२१ मध्ये जॉर्जियाची विधानसभा रिपब्लिकन पक्षाच्या हाती होती. तीस वर्षांपूर्वी डेमोक्रॅट पक्षाने गिंग्रिच यांच्याशी जे केले तेच आता उलट झाले. सहावा मतदारसंघ शहराजवळची उपनगरे सोडून उत्तरेला फॉर्सिथ आणि डॉसन काउंटीपर्यंत ताणण्यात आला. फॉर्सिथचा इतिहास काळाकुट्ट आहे. १९१२ मध्ये तिथून हजाराहून अधिक कृष्णवर्णीयांना हुसकून लावले गेले होते आणि १९८७ च्या जानेवारीत तिथे निघालेल्या समतेच्या मोर्चावर दगड पडले होते. पुढच्याच आठवड्यात सुमारे वीस हजार लोक तिथे चालून आले. आज त्याच फॉर्सिथमध्ये भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तरी नकाशा आखणाऱ्यांचा हिशोब चुकला नाही. २०२२ मध्ये तिथून रिपब्लिकन डॉ. रिच मॅकॉर्मिक ६२ टक्क्यांच्या आसपास मते घेऊन आले. मॅकबाथ शेजारच्या सातव्यात गेल्या आणि तिथे आपल्याच पक्षाच्या खासदार कॅरोलिन बोर्डो यांना पक्षांतर्गत निवडणुकीत हरवून निवडून आल्या.

यावर दाद कुठे मागायची? पक्षीय फायद्यासाठी रेघा वाकवल्या तर तो आमच्या अखत्यारीतला विषय नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितले होते. आपल्याकडे हे काम निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालचा परिसीमन आयोग करतो. त्याच्या आदेशाला कोर्टात आव्हान देता येत नाही ही बाब काहींना खटकते, पण निदान पेन्सिल आमदारांच्या हातात नसते. मात्र आपण दुसऱ्या टोकाला गेलो. १९७६ मध्ये राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या, आणि २००१ मध्ये ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. रेघाही तीस वर्षे हलल्या नाहीत. त्याचा भार कुणी सोसला? उपनगरांनीच. २००८ ची पुनर्रचना होईपर्यंत कल्याण-डोंबिवलीसह अख्खे ठाणे हा देशातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी एक होता. मतांची संख्या अफाट, खासदार एक. १९६४ पूर्वीच्या अटलांटाची तक्रार डोंबिवलीकराला समजावून सांगावी लागणार नाही.

जॉर्जियात वंशाच्या मुद्द्यावर मात्र कोर्टाचे दार उघडे होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये संघराज्य न्यायाधीश स्टीव्ह जोन्स यांनी निकाल दिला, की २०२१ चा नकाशा १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा भंग करतो, आणि अटलांटाच्या पश्चिमेला कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेला आणखी एक मतदारसंघ हवा. विधानसभेने डिसेंबरात तो आखून दिला. त्याला नंबर दिला सहा. फॉर्सिथ त्यातून गेले. कॉब, डग्लस, फुल्टन आणि फेएट काउंट्यांचे भाग त्यात आले. म्हणजे नंबर परत त्याच बाजूला आला जिथे एके काळी गिंग्रिच प्राध्यापकी सोडून मते मागत हिंडले होते. आणि हे करताना मॅकबाथ यांचा सातवा मोडून टाकला गेला, जेणेकरून राज्यातली नऊ विरुद्ध पाच ही पक्षीय विभागणी होती तशीच राहावी. न्यायाधीशांनी नवा नकाशा मान्य केला.

मग अदलाबदल झाली. सातव्यातून मॅकबाथ सहाव्यात आल्या. सहाव्यातून मॅकॉर्मिक सातव्यात गेले, ज्या सातव्यातून ते २०२० मध्ये बोर्डो यांच्याकडून हरले होते. अर्थात तो सातवाही आता तो राहिला नव्हता. २०२४ च्या नोव्हेंबरात दोघेही निवडून आले. नऊ विरुद्ध पाच.