बखिता नभोवाणी आणि दक्षिण सुदानचे युद्ध



चर्चने चालविलेली नभोवाणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रार्थना, भक्तिगीते आणि प्रवचने येतात. तेवढेच तिचे काम असते, तर कामगार संघटनेत आयुष्य काढलेल्या माणसाने त्यावर बोलण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या मुलखात युद्ध पेटलेले असते, तेथे अशा केंद्राला रोज सकाळी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. ध्वनिक्षेपकासमोर बसवायचे कोणाला, आणि त्याने बोलायचे काय? हा प्रश्न आम्हां चळवळीतल्या लोकांच्या चांगला ओळखीचा आहे. म्हणून आज मी आफ्रिकेतील दक्षिण सुदानची राजधानी जुबा येथील ‘बखिता’ या केंद्राची हकिकत सांगणार आहे.

आधी त्या देशाची थोडी माहिती हवी. सुदानच्या उत्तर आणि दक्षिण भागांत १९५५ ते १९७२ आणि पुन्हा १९८३ ते २००५ अशी दोन दीर्घ युद्धे झाली. दुसऱ्या युद्धात उपासमार आणि रोगराई धरून सुमारे वीस लाख माणसे गेली, असा अंदाज आहे. जानेवारी २००५ मध्ये तह झाला, आणि २००६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी कॅथलिक चर्चचे हे केंद्र जुबात बोलू लागले. काँबोनी संघाच्या मिशनऱ्यांनी त्यात पुढाकार घेतला होता. पुढे तोरीत, रुंबेक, वाव, मलाकल अशा गावीही केंद्रे निघाली.

केंद्राला नाव दिले ते जोसेफिना बखिता हिचे. एकोणिसाव्या शतकात दारफूरमध्ये जन्मलेल्या या मुलीला गुलामांच्या व्यापाऱ्यांनी लहानपणीच पळविले आणि ती पुनःपुन्हा विकली गेली. ‘बखिता’ म्हणजे भाग्यवान. हे नाव तिला त्या व्यापाऱ्यांनीच दिले. पुढे इटलीत ती मुक्त झाली आणि कनोसा संघाची भगिनी बनली. मुंबईत अंधेरी-माहीमला ज्या कनोसा शाळा आहेत, त्याच संघाची. सन २००० मध्ये चर्चने तिला संतपद दिले. जिच्या तोंडी स्वतःचे मूळ नावही उरले नव्हते, तिच्या नावाने एक केंद्र लोकांशी बोलू लागले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

आता कोणी विचारील, वर्तमानपत्र का नाही? त्या काळी तेथील प्रौढांपैकी शंभरांत जेमतेम सत्तावीस जणांना लिहितावाचता येत होते. भाषा साठांहून अधिक. पावसाळ्यात रस्ते चिखलात बुडतात. गावे महिनोन् महिने तुटून राहतात. अशा ठिकाणी दोन-चार सेलांवर चालणारा छोटा रेडिओ हेच वर्तमानपत्र, शाळा आणि चावडी. केंद्र चालविणेही सोपे नाही. एफएमचा आवाज मनोऱ्यापासून काही दहा मैलच पोहोचतो. शहराच्या विजेचा भरवसा नसतो, म्हणून जनरेटर. आणि डिझेल संपले की प्रवचनही संपले आणि बातम्याही.

९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. अडीच वर्षांतच, १५ डिसेंबर २०१३ रोजी, राज्यकर्त्यांतील भांडणातून यादवी पेटली. अध्यक्ष सल्वा कीर दिंका जमातीचे आणि विरोधी नेते रिक माचार नुएर जमातीचे, त्यामुळे भांडण जमातींत उतरायला वेळ लागला नाही.

१५ एप्रिल २०१४ रोजी बंडखोरांनी बेंतियू शहर घेतले. तेथील मशिदीत आश्रय घेतलेली दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. त्या वेळी शहरातील नभोवाणी केंद्र त्यांच्याच हाती होते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पथकाने जे नोंदविले, ते ऐका. काही सेनानींनी त्या केंद्रावरून, अमुक जमातीने येथे राहू नये, तिच्या स्त्रियांवर अत्याचार करा, अशी चिथावणी दिली. आणि त्याच केंद्रावरून दुसऱ्या काहींनी एकोप्याने राहा, असेही आवाहन केले. यंत्र तेच, मनोरा तोच. फरक समोर बसलेल्या माणसाचा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेंतियूजवळ पुन्हा चकमक झाली. जुबाच्या बखिता केंद्राने तिची बातमी देताना सरकारबरोबर बंडखोरांचेही म्हणणे सांगितले. सुरक्षा खात्याने केंद्र बंद केले आणि संपादकाला अटक केली. संपादक काही दिवसांनी सुटला. केंद्रही पुढे पुन्हा सुरू झाले. परंतु दुसऱ्या बाजूचे नुसते म्हणणे सांगण्याची किंमत किती, हे साऱ्या देशाला कळले.

आमच्या एका टाळेबंदीत तिसऱ्याच दिवशी वस्तीत आवई उठली, की रात्रपाळीचे लोक गुपचूप आत गेले. दोन खात्यांची माणसे एकमेकांच्या अंगावर धावली. दुसऱ्या दिवशीच्या गेटसभेत आम्ही रात्रपाळीच्याच चौघांना माईकपुढे उभे केले, आणि मालकाची नोटीसही अक्षरशः वाचून दाखविली. आमच्यातलेच काही चिडले : शत्रूचा मजकूर आपल्या माईकवरून कशाला? पण त्यानंतर वस्तीतला माणूस ‘खरे काय’ हे विचारायला आमच्याकडे येऊ लागला. नभोवाणीचेही असेच आहे. ज्याला दोन्ही बाजू ऐकवल्या जातात, तोच आवई उठली की आधी रेडिओ लावतो, भाला नंतर शोधतो.

चर्चच्या केंद्राने प्रार्थनेपुरतेच राहावे, असे म्हणणारे सज्जन आहेत. मला ते पटत नाही. शेजाऱ्यावर प्रेम करा, हे रविवारी सांगायचे आणि शेजाऱ्याचे गाव जळले ही बातमी सोमवारी गाळायची, तर रविवारच्या शब्दाला वजन कोठून येणार? मात्र भाबडेपणाही नको. बखिता केंद्राने युद्ध थांबविले नाही. २०१३ ते २०१८ या काळात युद्धाने सुमारे चार लाख बळी घेतले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मलाकल शहर अनेकदा या हातातून त्या हातात गेले. आवाजाने बंदूक अडत नाही. फार तर ती उचलणाऱ्याचा हात क्षणभर थबकतो.

आणि शेवटी, आमच्या धंद्यातली गोष्ट. परदेशी मिशनरी संकटात विमानाने बाहेर पडू शकतो. स्थानिक निवेदकाला ती सोय नसते. त्याचा आवाज सगळे ओळखतात, त्याची जमात सगळ्यांना ठाऊक असते, आणि त्याचे घर त्याच गावात असते. त्याला अटक झाली तर घरी पगार कोण पोहोचवितो? वकील कोण देतो? केंद्र बंद असेल त्या महिन्यांचे काय? अशा केंद्रांना देणगी देणाऱ्यांनी मनोऱ्याची उंची विचारण्याआधी हे प्रश्न विचारावेत, एवढीच माझी विनंती आहे.