गोंडस बाळ आणि पोर्टफोलिओचं बिल

‘इतकं गोड बाळ, जाहिरातीत द्या की!’ बारशाला आलेला एक तरी पाहुणा असं म्हणतोच. मग कुणाकडून तरी एखाद्या एजन्सीचा नंबर येतो आणि तिथली पहिली अट असते पोर्टफोलिओची: आधी काही हजार भरा, फोटो काढून घ्या, कामं मागाहून.

पोर्टफोलिओशिवाय काम मिळत नाही, हा यातला सगळ्यात महागडा गैरसमज. बाळाचा चेहरा दोन-तीन महिन्यांत पालटतो. सहाव्या महिन्यातले फोटो पहिल्या वाढदिवसाला कुणाला दाखवणार? कास्टिंगवाल्यांना आजचा चेहरा बघायचा असतो आणि खिडकीच्या उजेडात मोबाइलवर काढलेल्या साध्या फोटोत तो नीट दिसतो. काम मिळवून देणारा को-ऑर्डिनेटर कमिशन घेतो ते मिळालेल्या मानधनातून. आधीच पैसे मागणारा फोटो विकायला बसलेला असतो.

बाळांच्या दुधाच्या पावडरच्या डब्यावर आपली छकुली झळकेल, ही आशाही सोडा. 1992 चा कायदा आणि त्याची 2003 ची दुरुस्ती यांनुसार अशी पावडर, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं तयार खाणं आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरातच करता येत नाही. डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापायलाही मनाई आहे. आणि पार्ले-जीच्या पुड्यावरची ती मुलगी? ‘नागपूरची आहे’ असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो; कंपनी म्हणते, ते हातानं काढलेलं चित्र आहे.

कायद्याबद्दल दोन टोकांचे समज आहेत. काहींना ही सरळ बालमजुरी वाटते. काहींना वाटतं, घरचंच मूल, त्याला कसले नियम? बालमजुरी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावण्यावर बंदी घातली, पण जाहिराती, चित्रपट आणि मालिकांतल्या बालकलाकारांना अटींवर सूट दिली. त्या अटी 2017 च्या नियमांत आहेत. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग 27 दिवसांपेक्षा अधिक नाही. मुलाच्या कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावानं मुदत ठेवीत जातात आणि ते सज्ञान झाल्यावर त्याला मिळतात. तेव्हा ‘बाळाच्या पैशातून हप्ते फेडू’ हा हिशेब मुळातच कच्चा. मुलाच्या मर्जीविरुद्ध काम करून घेता येत नाही, हाही नियमच आहे. तान्ह्या बाळाची मर्जी ओळखायची कुणी? अर्थात आईबापांनीच, आणि तेही दिग्दर्शक घड्याळाकडे बघत असताना.

‘आमचं बाळ कुणाकडेही जातं, सहज करेल’ असंही म्हटलं जातं. तान्ह्या बाळांच्या शूटला बहुधा एकापेक्षा जास्त बाळं तयार ठेवतात, कारण दिव्यांखाली कोण कधी रडेल याचा नेम नसतो. म्हणजे बोलावणं आलं तरी जाहिरातीत आपलंच बाळ दिसेल असं नाही. एक पालक मात्र दिवसभर अडकतो.

मुलांना शूटवर घेण्यासाठी निर्मात्याला त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गोरेगावच्या चित्रनगरीत शूट असेल तर मुंबई उपनगरची. होकार देण्याआधी त्या परवानगीची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर जाऊ नका.