अतिसंवाहक थरातले भोवरे
पेणवरून अलिबागला गेलात की चुंबकीय वेधशाळा लागते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नाजूक नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती कुलाब्याहून इथे आली. पण चुंबकीय गोंगाट उपकरणाच्या आतूनही उठतो.

अतिसंवाहकाच्या पातळ थरात चुंबकीय क्षेत्र भोवऱ्यांच्या रूपाने शिरते. प्रत्येक भोवऱ्यातला चुंबकीय स्रोत ठरलेला, सुमारे २.०७ × १०⁻¹⁵ वेबर. थरातल्या दोषांवर अडकलेला भोवरा उष्णतेच्या धक्क्याने निसटतो, शेजारच्या दोषावर जातो, कधी परत येतो. अशी प्रत्येक उडी ‘स्क्विड’ या अतिसंवेदी चुंबकमापकात गोंगाट म्हणून उमटते.

कुलाब्याच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटाने २०१९ मध्ये मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या थरात भोवऱ्यांची जाळी टप्प्याटप्प्याने वितळताना दाखवली. मला हे काम फार मोलाचे वाटते; भोवरे कसे सुटतात हे कळल्याशिवाय ते खिळवणार कसे? त्यासाठी स्क्विडच्या थरात मुद्दाम बारीक खाचा व भोके ठेवतात.