टेम्पो ट्रॅव्हलरचे जर्मन भाऊबंद

हॅम्बुर्ग : एल्बे नदीच्या दक्षिणेला हारबुर्ग नावाचा शहराचा जुना कारखानदारीचा भाग आहे. तिथल्या बोस्टेलबेकमध्ये आज मर्सिडीज-बेंझ गाड्यांचे सुटे भाग बनतात. पूर्वी याच जागी विडाल अँड झोन ही कंपनी ‘टेम्पो’ या नावाने तीनचाकी आणि चारचाकी मालगाड्या बनवायची. 1958 मध्ये उद्योजक फिरोदियांनी तिच्याशी हातमिळवणी करून बजाज टेम्पो उभी केली. कारखाना आधी गोरेगावला होता, नंतर आकुर्डीला आला. ओझर-लेण्याद्री उरकून अष्टविनायकाच्या पुढच्या गणपतीकडे पळणाऱ्या, किंवा मंचरहून वऱ्हाड घेऊन निघालेल्या टेम्पो ट्रॅव्हलरची कुळकथा सांगायची, तर ती बोस्टेलबेकपासूनच सुरू करावी लागते.

टेम्पो कारखाना 1960 च्या दशकात हानोमागकडे गेला आणि हानोमाग पुढे डायम्लर-बेंझकडे. त्यामुळे हारबुर्गची व्हॅन काही वर्षं मर्सिडीजचा तारा लावून विकली गेली. 1977 मध्ये ब्रेमेनच्या कारखान्यातून तिची वारस बाहेर पडली. कारखान्याच्या दप्तरात ती टी-1, पण लोक तिला अजून ‘ब्रेमर’ म्हणतात. तिचं सर्वांत ओळखीचं रूप 207 डी : सुरुवातीचा दोनचा आकडा वजनाच्या गटाचा, मागचा सात म्हणजे साधारण सत्तर अश्वशक्ती, डी डिझेलचा. हीच ब्रेमर पुढे बजाज टेम्पोने परवान्यावर घेतली आणि 1987 मध्ये ट्रॅव्हलर म्हणून आपल्या रस्त्यावर आणली. ओएम 616 हे 2.4 लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिनही मर्सिडीजचंच. कंपनी 2005 मध्ये फोर्स मोटर्स झाली, तरी नारायणगावच्या स्टँडवर आजही कुणी ‘फोर्स’ ठरवत नाही, टेम्पो ट्रॅव्हलरच ठरवतात.

आता या दोन भावंडांचं नशीब पाहावं. इकडची ट्रॅव्हलर भाविक, वऱ्हाडी आणि कंपनीचे कामगार वाहून वाहून झिजते आणि शेवटी भंगारात जाते. जर्मनीतली 207 डी पहिली नोकरी संपवून दुसरा जन्म घेते. टपाल, पाव, नळकारागिरांची हत्यारं वाहून झाली की तिच्यात पलंग, शेगडी आणि कपाटं बसतात आणि ती घर होते. त्यातही गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांच्या जुन्या गाड्यांवर लोकांच्या उड्या पडतात. या गाड्या आयुष्यभर गॅरेजमध्ये कोरड्या उभ्या असतात, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग होतं आणि तीस वर्षांत धावलेल्या असतात जेमतेम काही हजार किलोमीटर. गावात आग लागत नाही, हे असं कुणाच्या तरी पथ्यावर पडतं.

चाकांवरच्या घराचा जर्मन नाद नवा नाही. आल्प्सच्या पायथ्याच्या इस्नी गावात डेटलेफ्स कुटुंबाचा चाबूक बनवण्याचा धंदा होता. त्यातला आरिस्ट डेटलेफ्स माल विकायला महिनोन्‌महिने बाहेर असे. त्याची होणारी बायको फ्रिडेल एडेलमान ही चित्रकार. तिला सोबत जायचं होतं आणि रंगकामही थांबवायचं नव्हतं. म्हणून 1931 मध्ये त्याने मोटारीमागे ओढायची राहती गाडी बनवली. जर्मनीतली ही पहिली कॅराव्हॅन मानतात. चाबकांचा धंदा मागे पडला, कॅराव्हॅनचा आजही चालतो. फोक्सवॅगनची गोलमटोल व्हॅन 1950 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी वीडनब्र्यूकच्या वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवायची ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढली. आठवडाभर त्याच गाडीतून माल वाहायचा आणि शनिवारी पेटी आत ठेवली की झोपायची सोय तयार. साठ-सत्तरच्या दशकांत असल्याच गाड्या इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत यायच्या. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो रस्ता बंद पडला.

त्या जुन्या फोक्सवॅगन आज हौशी श्रीमंतांच्या हातात गेल्या आहेत. विद्यार्थी, सुतार, परिचारिका, नुकतेच निवृत्त झालेले शिक्षक ब्रेमरकडे वळतात ते म्हणूनच. तिला रूप बेताचंच, पण आत ताठ उभं राहता येतं आणि इंजिन मरता मरत नाही.

गाडी घेताना कोणी इंजिनाकडे आधी पाहत नाही. गुडघे टेकून गाडीखाली पाहतात, कारण इथे खरा शत्रू गंज. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्र्याच्या सांध्यांत शिरतं आणि आतून खातं. चाकांवरच्या कमानी, दाराचा खालचा काठ, समोरच्या काचेखालची पट्टी या ठरलेल्या जागा. गिऱ्हाईक खिशात लोहचुंबक घेऊन जातं. चुंबक चिकटला नाही, तर रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे हे कळतं. जुन्नर-आंबेगावात पाऊस कितीही कोसळो, रस्त्यावर मीठ नाही. तिथल्या वीस वर्षांच्या गाडीचा पत्रा पाहिला, तर हारबुर्गचा मिस्त्री खूश होईल. स्प्रिंगच्या पाट्यांची आणि क्लच प्लेटची दशा पाहून मात्र त्याला घाम फुटेल.

दुसरी गोष्ट पाहायची ती पासिंग. ट्यूफसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून दर दोन वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते. पास झाली की मागच्या नंबरप्लेटवर छोटं गोल रंगीत स्टिकर लागतं. त्याच्या मध्यभागी पुढच्या तपासणीचं वर्ष असतं आणि सर्वांत वर येणारा आकडा महिना सांगतो. पासिंग कधी संपतं, हे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही वाचता येतं. जाहिरातीतही किमतीच्या शेजारी हाच महिना लिहिलेला असतो आणि ताजं पासिंग असेल तर भाव चढतो. चेसीच्या किंवा भार पेलणाऱ्या भागाच्या गंजाला तपासनीस माफी देत नाही. तिथे पुट्टी चालत नाही, कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. म्हणून हौशी मालकही वेल्डिंग शिकतात. गाड्यांना चिकटपट्टी आणि तारेने जगवायची जी कला आळेफाट्याच्या गॅरेजात पाहायला मिळते, तिला इथे वाव नाही. तिची किंमत इथल्या माणसाला कळणारही नाही, हे थोडं वाईट वाटण्याजोगं आहे.

मग येते ती मोलाची पाटी. गाडीला पहिल्या नोंदणीपासून तीस वर्षं झाली, ती बरीचशी मूळ रूपात असली आणि तज्ज्ञाने तसा दाखला दिला, तर नंबराच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं. 1997 पासूनची ही सोय. एच पाटीच्या मोटारीला इंजिन कितीही मोठं असो, वर्षाचा कर ठोक 191.73 युरो. जुन्या डिझेलवर तो एरवी बराच जास्त बसतो. शिवाय बर्लिनसारख्या शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना बंदी असते, तिथे एच पाटीला मोकळीक. अट एकच, आणि ती अनेकांना नडते : गाडीत केलेले बदल तिच्या काळाला शोभणारे हवेत. ऐंशीच्या दशकातल्या गाडीत त्या काळचं प्लायवूडचं फर्निचर चालतं. आजच्या थाटाची नवी मांडणी केली, की दाखला देणाऱ्याच्या कपाळावर आठ्या येतात.

भारतात 2021 मध्ये जुन्या वाहनांसाठी असेच नियम आले, पण तिथे वयाची अट पन्नास वर्षांची. ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो, मात्र गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच मुभा. जर्मन एच पाटीवर माणूस रोज कामाला जाऊ शकतो, सुट्टीत सिसिलीपर्यंतही जाऊ शकतो. एका देशाने जुनी गाडी रस्त्यावर ठेवली, दुसऱ्याने शोकेसमध्ये. आणि पन्नाशी गाठायच्या आत एमएच 14 च्या खासगी गाडीला पंधराव्या वर्षीच फेरनोंदणीला उभं राहावं लागतं. मोटारीसाठी त्याची फी एप्रिल 2022 मध्ये सहाशेवरून पाच हजार रुपये झाली. भाड्याच्या गाडीला तर आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग.

व्हॅनचं घर करणं हासुद्धा जर्मनीत कागदावरचा प्रकार आहे. टेबल आणि बसायची जागा, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामानाची कपाटं, या चार गोष्टी पक्क्या बसवलेल्या दिसल्या की तपासनीस ‘राहती गाडी’ अशी नोंद करून देतो. गॅसची शेगडी असेल, तर तिच्या नळ्यांची आणि रेग्युलेटरची वेगळी तपासणी, तीही दर दोन वर्षांनी. जून 2025 पासून ती सक्तीची झाली. घरच्या गाळ्यात बसून बदल करायचे आणि मग सरकारमान्य माणसाला दाखवायचे, ही वाट सामान्य मालकाला खुली आहे. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलं. कॅराव्हॅनसाठी एआयएस 124 हे मानक आहे. पण ते पेलणं बॉडी बिल्डर कंपनीचं काम, घोडेगावच्या हौशी तरुणाचं नाही.

गाडी तयार झाली की निघायचं. हारबुर्गहून दक्षिणेला, ब्रेमेन आणि वीडनब्र्यूक करत थेट इस्नीपर्यंत अख्खा देश उभा कापता येतो, आणि वाटेत या गाड्यांची जन्मगावंच लागतात. हीटर प्लग तापायची वाट पाहून इंजिन चालू करायचं, आवाज इतका की शेजाऱ्याशी ओरडून बोलायचं. महामार्गावर मोटारींना बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादा नाही, पण 207 डी निमूटपणे ताशी 80 ने जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेत शिरते. रविवारी रात्री दहापर्यंत अवजड ट्रकांना बंदी असते. त्यामुळे हा दिवस जुन्या व्हॅनवाल्यांचा.

मुक्कामाचे नियम मात्र बारीक आहेत. थकलेल्या चालकाने रस्त्याकडेला गाडी लावून एक रात्र झोप काढली, तर हरकत नाही. पुन्हा नीट गाडी चालवता यावी, हा त्यामागचा विचार. पण बाहेर खुर्ची मांडली, छत उघडलं, की तेच कॅम्पिंग ठरतं आणि दंड होऊ शकतो. यासाठी गावोगावच्या नगरपालिकांनी राहत्या गाड्यांचे तळ केले आहेत. तिथे वीज, पिण्याचं पाणी आणि संडासाची टाकी रिकामी करायची पक्की जागा असते. पर्यटनाच्या चकचकीत पत्रकांत या शेवटच्या सोयीचा फोटो नसतो. खरं तर सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे.

शेतकऱ्यांनी यातून आपला वाटा काढला आहे. फ्रान्समध्ये 1993 पासून द्राक्षमळेवाले आणि शेतकरी राहत्या गाड्यांना एक रात्र फुकट थांबू देतात. जर्मनीत 2014 पासून ‘लांडफेरग्न्यूगेन’ या नावाने तशीच व्यवस्था चालते. वर्षाचं पुस्तक विकत घ्यायचं, त्यातलं स्टिकर काचेला लावायचं, आणि यादीतल्या कुठल्याही शेतावर चोवीस तास मुक्काम करायचा. भाडं नाही. सकाळी निघताना पाहुणा अंडी, चीज, वाइन, जे असेल ते विकत घेतो. सक्ती नाही, पण रिकाम्या हाताने निघायची लाज वाटते, आणि तीच कामाला येते. द्राक्षं आणि टोमॅटोच्या नारायणगाव पट्ट्यातल्या, कृषी पर्यटनात मुरलेल्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगायची गरज पडू नये.

चाकांवरचा संसार तर नारायणगावला शिकवायलाच नको. लोककलावंत विठाबाईंचं हे गाव तमाशाची पंढरी, आणि मोठा फड म्हणजे फिरतं गावच : शंभराच्या आसपास माणसं, तंबू, कनाती, जनरेटर, भटारखाना आणि सगळं ओढणारे ट्रक. दसऱ्याला नारळ फुटतो, पाडव्याच्या सुमारास राहुट्यांमध्ये जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात, बुद्धपौर्णिमेच्या आसपास हंगाम आटोपतो. रात्री खेळ, पहाटे तंबू उतरवणं, आणि झोप पुढच्या गावच्या वाटेवर गाडीतच. पावसाळ्यात या गाड्या उभ्या राहतात, तरी खर्च चुकत नाही. जर्मनीत अशांसाठी हंगामी नंबरप्लेट आहे. पाटीच्या उजव्या कडेला दोन महिने एकाखाली एक छापलेले असतात, समजा 04 आणि 10. कर आणि विमा एप्रिल ते ऑक्टोबरचाच. उरलेल्या महिन्यांत गाडी सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभीही करायची नाही. ही सोय फडमालकांच्या कानावर गेली, तर आरटीओत निवेदन घेऊन जाणारा पहिला जथा नारायणगावचाच असेल.

जुन्नर 2018 मध्ये विशेष पर्यटन तालुका झाला आणि 2021 मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं. शिवनेरी, नाणेघाट, माळशेज, भीमाशंकर, डिंभ्याचं पाणी, एवढं सगळं एका टाकी डिझेलच्या टप्प्यात असणारा मुलूख जर्मनीतही सहज सापडणार नाही. अडचणीही इथल्याच मातीतल्या. उसाच्या फडाशेजारी गाडी लावून संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकायला बंदी हवी, ती दंडाच्या भीतीने नव्हे, बिबट्याच्या. पाण्याचा टँकर उन्हाळ्यात आधी वाडीला जाणार, पाहुण्याच्या टाकीला नंतर. आणि त्या दुसऱ्या, संडासाच्या टाकीचं काय करायचं, हे ठरल्याशिवाय नाणेघाटात एकही तळ होऊ नये.

1987 सालच्या पहिल्या ट्रॅव्हलरपैकी एखादी कुठल्या गोठ्यामागे चाकांवर तग धरून असेल, तर जर्मन हिशेबाने ती 2017 मध्येच एच पाटीच्या वयाची झाली. भारतीय हिशेबाने तिला 2037 पर्यंत थांबायचं आहे, आणि मधल्या काळात दरवर्षी पासिंगला जायचं आहे.