तिआऊच्या अलीकडचं गाव

२०२३ साली पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुका झाल्या आणि मतमोजणीसाठी ३ डिसेंबर हा दिवस ठरला. तो रविवार होता. मिझोराममधले सगळे पक्ष, चर्च आणि विद्यार्थी संघटना यांनी मिळून निवडणूक आयोगाला कळवलं की रविवार हा आमच्या उपासनेचा दिवस, त्या दिवशी मोजणी नको. आयोगाने ते मानलं. चार राज्यांचे निकाल रविवारी लागले, मिझोरामचा सोमवारी. पुढे एमएनएफची, म्हणजे मिझो नॅशनल फ्रंटची, सत्ता गेली, झोरम पीपल्स मूव्हमेंट या नव्या पक्षाला चाळीसपैकी सत्तावीस जागा मिळाल्या आणि लालदुहोमा मुख्यमंत्री झाले. १९८७ पासून एमएनएफ आणि काँग्रेस यांच्यात आलटून पालटून फिरणारी सत्ता पहिल्यांदाच तिसऱ्याच्या हाती गेली. एवढी उलथापालथ होणार असताना सगळे एकमेकांचे विरोधक एका दिवसाच्या मुद्द्यावर सहज एकत्र येतात, हे मला समजून घ्यायचं होतं. २०२५ च्या हिवाळ्यात चंफाई जिल्ह्यातल्या एका गावात जाऊन राहिले, ते त्यासाठी.

मी वाढले सांगली जिल्ह्यात. आमच्याकडे राजकारण कळायला वेगळे प्रयत्न करावे लागत नाहीत. साखर कारखान्याचं पॅनेल कोणाचं, दूध संघ कोणाकडे, जिल्हा बँकेत कोण बसलंय आणि भावकीत कोणाचं कोणाशी जमत नाही, एवढं कळलं की विधानसभेचा अंदाज बांधता येतो. मिझोरामच्या गावात यातलं काहीच नाही. जात नाही, कारखाना नाही, मोठा जमीनदार नाही. लोकसंख्येत अनुसूचित जमातींचं प्रमाण ९४ टक्क्यांच्या वर. नावाला आडनाव जोडायची पद्धत सर्वसाधारणपणे नाही, त्यामुळे नुसत्या नावावरून घराणंही उमगत नाही.

तिथे जायला इनर लाइन परमिट लागतं. १८७३ च्या ब्रिटिशकालीन नियमावलीतून आलेली ही व्यवस्था आजही चालू आहे. तात्पुरता परवाना पंधरा दिवसांचा. काही महिने राहायचं तर स्थानिक रहिवाशाने पुढे होऊन आपली जबाबदारी घ्यावी लागते. माझी जबाबदारी एका निवृत्त शिक्षकाने घेतली. त्यांना मी बाकीच्यांसारखंच ‘का पू’ म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला ‘का पी’. सैरांगपर्यंत रेल्वे पोचली ती त्या वर्षीच्या सप्टेंबरात. मी गेले तेव्हा लेंगपुईच्या विमानतळावरून ऐझॉल आणि तिथून सुमो, हाच रस्ता होता. सगळा दिवस वळणांत जातो. वाटेत सेलिंगच्या आसपास विक्रेता नसलेली दुकानं लागतात. बांबूच्या फळीवर भाजी, फळं, रसाच्या बाटल्या, किमतीच्या पाट्या आणि पैशांचा डबा. माल घेणारा पैसे टाकतो, गरज पडली तर सुटेही त्याच डब्यातून घेतो. शेतात गेलेल्या बाईला दुकानावर बसायला वेळ नसतो, त्यातून ही सोय झाली आहे.

गावात पोचल्यावर पहिलं लक्ष गेलं ते उंच खांबावरच्या कर्ण्यांकडे. संध्याकाळचं जेवण आपल्या मानाने फारच लवकर, अंधार पडायच्या सुमाराला उरकतं, आणि मग कर्ण्यावरून सूचना सुरू होतात. उद्या कोणत्या रस्त्याची सफाई, पाण्याची पाळी कोणाची, रेशन कधी, कोणाचं जनावर सुटलंय. पूर्वी गावचा दवंडीवाला हे काम करी. कोणी गेलं तर तेही कर्ण्यावरूनच कळतं. त्यानंतरचं सगळं वायएमएच्या हाती.

वायएमए म्हणजे यंग मिझो असोसिएशन. १९३५ साली यंग लुशाई असोसिएशन या नावाने ती सुरू झाली, १९४७ मध्ये आजचं नाव मिळालं. आज तिचे सदस्य लाखांनी आहेत आणि राज्यभर शाखा आहेत. मी राहत होते त्या गावात एक म्हातारे गृहस्थ वारले तेव्हा तिचं काम जवळून पाहिलं. शोकातल्या घराने फक्त शोक करायचा, बाकी कशाची चिंता करायची नाही. मुलांनी खड्डा खणला, काहींनी सरपण आणलं, काहींनी चहा उकळला, आणि रात्री गावातली तरुण पोरं त्या घरात ढोलाच्या तालावर गात बसली. कुटुंब एकटं पडू नये म्हणून हे चालतं. जंगलात कोणी हरवलं तर शोधायला हीच मुलं निघतात, दरड कोसळली तर हीच धावतात. याच्या मुळाशी त्लॉमङाइह्ना हा आचार आहे: दुसऱ्यासाठी कष्ट उपसायचे आणि त्याचा गवगवा करायचा नाही. पूर्वी अविवाहित तरुण झॉलबुक नावाच्या सामायिक घरात झोपत आणि तिथे हे वळण लागे. झॉलबुक संपत गेलं त्याच काळात वायएमए उभी राहिली.

दुसरी सत्ता चर्चची. वेल्श प्रेस्बिटेरियन मिशन उत्तरेत, बाप्टिस्ट दक्षिणेत. लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी ११ जानेवारी १८९४ रोजी इथे आले. त्यांनी मिझो भाषेला रोमन लिपी दिली. पुढे शाळा वाढत गेल्या आणि २०११ च्या जनगणनेत साक्षरता ९१ टक्क्यांवर होती. घरोघरी एक पद्धत आहे, बुहफाई थाम. स्वयंपाकाला तांदूळ घेताना बाई एक मूठ बाजूला काढते, तो तांदूळ चर्चला जातो. १९१० पासून हे चालू आहे, आणि या मुठींच्या विक्रीतून चर्चकडे दरवर्षी कोट्यवधी रुपये जमतात. आमच्या घरी का पी रोज दोन्ही वेळा मूठ काढत. पंढरीच्या वारीत गावोगाव जमणारा शिधा मी पाहिलेला आहे, त्यामुळे त्या मुठीचं मला परकेपण वाटलं नाही. वेगळं होतं ते त्यामागचं काटेकोर संघटन: मोजमाप, नोंदवही, हिशेब.

फेब्रुवारीत ग्रामपरिषदांच्या निवडणुका आल्या. इथे एक गमतीचा उलटा प्रकार आहे. आपल्याकडे ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढवली जात नाही, तरी गावात पक्षांची धुमश्चक्री असते. मिझोराममध्ये ग्रामपरिषद उघडपणे पक्षांच्या नावावर लढवली जाते आणि प्रचार मात्र जवळजवळ ऐकूच येत नाही. याचं कारण मिझोराम पीपल फोरम, लोकांच्या तोंडी एमपीएफ. चर्चच्या पुढाकाराने २००६ साली हा मंच निघाला. निवडणुकीआधी तो पक्षांशी लेखी करार करतो. घरोघर फिरून मतं मागायची नाहीत, झेंडे आणि फलक ठरलेल्या संख्येबाहेर नाहीत, जेवणावळी नाहीत. सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच व्यासपीठावर, ठरवून दिलेल्या वेळेत बोलतात. गावच्या सभागृहात मी ती सभा ऐकली. भाषेचा मोठा भाग का पू हळू आवाजात समजावून देत होते. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. पाण्याच्या टाकीवर आणि शेतरस्त्यावर बोलणं झालं, आणि सभा संपल्यावर तिन्ही पक्षांची माणसं एकत्र खुर्च्या आवरत होती. हा करार कायद्याने बांधलेला नाही. तो मोडणाऱ्याला गाव विसरत नाही, एवढीच त्याची ताकद, आणि ती पुरते.

ग्रामपरिषदेच्या अध्यक्षाला सगळे व्हीसीपी म्हणतात. त्याचे अधिकार आपल्या सरपंचाहून वेगळे आहेत, कारण ७३ वी घटनादुरुस्ती मिझोरामला लागू नाही. कलम ३७१ आपल्याला माहीत आहे ते विदर्भ-मराठवाड्याच्या विकास मंडळांमुळे. त्याच मालिकेतलं ३७१ जी मिझोरामसाठी आहे: मिझो रूढी, परंपरागत कायदा आणि जमिनीची मालकी-हस्तांतरण याबाबत संसदेचा कायदा राज्याच्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय इथे चालत नाही. गावातले किरकोळ तंटे ग्रामपरिषद रूढीप्रमाणे मिटवते. झूम शेतीची जमीनही तीच वाटते. आमच्या गावात चिठ्ठ्या टाकून क्रम ठरला होता आणि त्या क्रमाने कुटुंबांनी उताराचे तुकडे निवडले. हिवाळ्यात झाडोरा तोडायचा, मार्चमध्ये जाळायचा, पावसाआधी भात आणि भाज्या पेरायच्या. तोडणी झाली आणि जाळणी व्हायची, त्या मधल्या मोकळ्या दिवसांत चपचार कूट हा सण येतो. १९५४ पर्यंत ही वाटणी गावप्रमुखाच्या हाती होती. त्याला लाल म्हणत, आणि प्रत्येक घराने त्याला भाताचा वाटा द्यायचा असे. असे सुमारे तीनशे प्रमुख होते. सामान्य माणसांनी १९४६ मध्ये काढलेल्या मिझो युनियनने त्यांच्या विरोधात चळवळ केली आणि कायद्याने त्यांचे हक्क संपवले. इथल्या समतेला ही लढाई लागली आहे. ती आपोआप आलेली नाही.

चहाच्या वेळी म्हाताऱ्या माणसांशी बोलताना एक साल पुन्हा पुन्हा येई: १९६६. त्याआधीचं समजून घ्यावं लागतं. इथल्या माउताक बांबूला साधारण ४८ वर्षांनी फुलोरा येतो, फळांवर उंदीर माजतात आणि मग उभं पीक फस्त करतात. १९५९ ला तसं झालं. तेव्हा हा भाग आसामचा एक जिल्हा होता आणि सरकारी मदत फार तोकडी आणि उशिरा आली. दुष्काळात मदत करायला निघालेली मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट ही संघटना १९६१ मध्ये लालडेंगांच्या नेतृत्वाखाली मिझो नॅशनल फ्रंट झाली आणि १९६६ च्या मार्चच्या पहिल्या दिवशी तिने स्वातंत्र्य जाहीर केलं. ५ मार्चला वायुदलाने ऐझॉलवर हल्ला केला. पुढच्या वर्षापासून गावं उठवायला सुरुवात झाली. पाचशेहून अधिक गावांतली माणसं शंभराच्या आसपास वसाहतींत, रस्त्यांच्या कडेला, कुंपणाआड आणून ठेवली गेली. जुनी घरं आणि धान्याची कोठारं जाळली गेली. का पी तेव्हा लहान होत्या. रेशनच्या रांगेत आईचा पदर धरून उभं राहिल्याचं त्यांना आठवतं, आणि संचारबंदीमुळे शेतात पोचून परत यायला दिवस पुरत नसे, हेही. आमचं गाव अशाच वसाहतीतून वाढलेलं होतं. मूळ गाव पलीकडच्या डोंगरावर होतं, तिथे आता कोणी राहत नाही.

महाराष्ट्रात शाळा शिकताना मला यातलं एक वाक्यही वाचायला मिळालं नव्हतं. स्वतःच्या देशाच्या वायुदलाने स्वतःच्या देशातल्या गावावर केलेला हल्ला आपल्या अभ्यासक्रमात असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर जे घडलं तेही असायला हवं: ३० जून १९८६ ला करार झाला, बंडखोरांनी शस्त्रं ठेवली, २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोराम पूर्ण राज्य झालं, आणि तो करार टिकला. लालडेंगांचे सहकारी झोरामथांगा पुढे तीनदा मुख्यमंत्री झाले. रविवारच्या मतमोजणीवर सगळे पक्ष एकत्र का येतात, याचं उत्तर मला इथे सापडलं. वीस वर्षं घर, शेत आणि रस्ता यांवर स्वतःचा ताबा नव्हता. त्या काळात माणसांना धरून ठेवलं ते चर्चने आणि वायएमएने. पक्ष नंतरचे आहेत आणि ते स्वतःला नंतरचेच समजतात.

या व्यवस्थेचा जाचही आहे. एका तरुणाने मला स्पष्ट सांगितलं की श्रमदानाला सलग गैरहजर राहून गावात मान राखता येत नाही, आणि चर्चशी न पटणारं मत चारचौघांत बोलणं त्याहून अवघड. स्त्रियांची गोष्ट मला जास्त खटकली. दुकानं, बाजार, शेती बायकांच्या जोरावर चालते, मतदारयादीत त्या पुरुषांहून अधिक आहेत, आणि २०१८ च्या विधानसभेत एकही स्त्री निवडून आली नव्हती. २०२३ ला तिघी आल्या. हा विषय काढला तेव्हा का पी म्हणाल्या, “मुली आता वाट बघत बसणार नाहीत.”

तिआऊ नदी गावापासून लांब नाही. पलीकडे म्यानमारचा चिन प्रांत. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि हजारो चिन कुटुंबं नदी ओलांडून आली. केंद्राने मार्चमध्ये सीमेवरच्या राज्यांना ही आवक रोखायला सांगितलं. मिझोरामने ऐकलं नाही, झोरामथांगांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. गावांनी चर्च आणि वायएमएमार्फत तांदूळ, कपडे, पत्रे जमवले. भाषा जवळची, नाती दोन्ही काठांवर. चिन आमचेच, असं सगळे म्हणतात. सीमेपलीकडे परवान्याविना जायची मुभा काढून कुंपण घालण्याची घोषणा केंद्राने केली, तेव्हा २०२४ च्या फेब्रुवारीत मिझोराम विधानसभेने विरोधाचा ठराव केला.

‘चिन आमचेच’ हे ऐकून मी का पूंना ब्रू लोकांबद्दल विचारलं. मिझोरामच्या पश्चिम भागातले ब्रू. १९९७ मध्ये डंपाच्या जंगलात एका मिझो वनरक्षकाची ब्रू बंडखोरांनी हत्या केली, त्यानंतरच्या हिंसेत तीस हजारांहून अधिक ब्रू त्रिपुरात पळाले आणि त्यांतले बहुतेक वीसहून जास्त वर्षं छावण्यांत राहिले. शेवटी जानेवारी २०२० च्या करारात त्यांना त्रिपुरातच वसवायचं ठरलं. नदीपलीकडच्या माणसाला घर देणाऱ्या समाजाने राज्यातल्याच माणसांना इतकी वर्षं परत का घेतलं नाही?

का पूंनी विषय टाळला नाही. वनरक्षकाच्या हत्येनंतर लोक घाबरले आणि चिडलेही, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, “चिन आमच्यासारखे गातात, आमच्यासारखी प्रार्थना करतात. ब्रू तसे वाटले नाहीत. हे कारण पुरेसं नव्हतं.” शेजारी बसलेल्या त्यांच्या पुतण्याला, जो स्वतः वायएमएच्या शाखेत काम करतो, हे पटलं नाही. मतदारयादीत नाव कोणाचं असावं हे ठरवायचा हक्क इथल्याच लोकांचा, असं तो म्हणत राहिला. चहा दुसऱ्यांदा झाला तरी दोघांचा वाद चालू होता, आणि का पी अधूनमधून आपलं मत घालत होत्या.